खाडीच्या पुढं नऊ किलोमीटर

मुनीर मास्तर,

परवा तुझ्या शाळेत शोकसभा झाली. मी गेलो होतो. डोंगरकडा गावाला एस्टीतून उतरून शाळेत गेलो तर पोरं ओळीनं बसलेली, चिडीचूप, तू असताना कधी बसली नसतील अशी. टेबलावर तोच फोटो होता. गुडघाभर पाण्यात तू, हाताशी सायकल, डोक्यावर रेनकोटची टोपी आणि मागं नुसतं पांढरं. हेडमास्तरांनी फोटोला हार घातला होता. तुला ते आवडलं नसतं, पण तिथं बोलायची माझी जागा नव्हती.

मग कोमल उभी राहिली. चौथीत असताना भर वर्गात तुला अडवणारी तीच. आता सातवीत आहे. म्हणाली, "आमच्या गुरुजींनी समुद्र अगोदर पाह्यला अन् मंग शिकवला. न पाह्यलेलं आमचे गुरुजी शिकवत नव्हते." हेडमास्तरांनी लगेच जाहीर केलं की त्या प्रवासात गुरुजींसोबत असलेले हिंगोलीचे दत्ताभाऊ सायकलवाले इथं हजर आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत.

मी उठलो आणि खरोखर दोनच शब्द बोललो. "व्हय, बराबर." आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. दाटला होताच, पण त्यांना वाटलं त्या कारणानं नाही.

मास्तर, त्या फोटोत तू ज्या पाण्यात उभा आहेस तो समुद्र नाही. ती खाडी आहे. मला ते त्याच सकाळी कळलं होतं, आणि तीन वर्षं मी तुझ्यापासून लपवलं. तू असताना सांगायला हवं होतं. आता तुला मूठमाती देऊन नऊ दिवस झाले आणि मी कागद घेऊन बसलोय. वरातीमागून घोडं, असं तूच म्हणाला असतास.

तुला शुगर निघाली तिथून हे सगळं सुरू झालं. डॉक्टरनं चालायला सांगितलं. तू माझ्या दुकानात आलास, तुझ्या ठरलेल्या लाकडी खोक्यावर बसलास आणि म्हणालास, "चालणं आपल्याच्यानं होणार न्हाई दत्त्या. सायकल दे." शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून माझी वस्तू तू हक्कानंच मागायचास. मी एक जुनी काळी सायकल तुला जुळवून दिली. एकट्याला सोडलं तर तिसऱ्या दिवशी पांघरुणात सापडशील, म्हणून मीही निघालो. मग कनेरगाव नाक्यावर ढाबा चालवणारा, पण राहायला आपल्याच गल्लीत असलेला काशिनाथ आला, कारण त्याचं पोट गल्ल्याला टेकायला लागलं होतं. आणि त्याचा मेव्हणा रामदास आला, कारण काशिनाथ जाईल तिथं रामदास जातो. पहाटे नरसीपर्यंत जायचं, तिथं चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचं.

चार दिवसांत तू आम्हाला नियम लावलास. मास्तरच तू, नियमाशिवाय तुला चैन कुठली पडायला. रस्ता अंधाराचा आणि खड्ड्यांचा. जो पुढं असेल त्यानं समोर काय आहे ते ओरडून सांगायचं. खड्डा, चिखल, म्हैस, जे असेल ते. मधल्यांनी तेच मागं पोचवायचं. सगळ्यात शेवटच्यानं "ऐकलं!" म्हणायचं, आणि ते "ऐकलं" येईस्तोवर पुढच्यानं गप बसायचं नाही. माझ्या सायकलीचा दिवा चांगला, म्हणून पुढं मी. शेवटी कायम तू. वर्गातही तुझं सगळं लक्ष शेवटच्या बाकावर असायचं.

"पुढच्यानं पाह्यलं ते मागच्याला कळलंच पायजे," तू म्हणायचास. "न्हाई तर त्याच्या पुढं असण्याचा उपेग काय?"

तेव्हा मी हसलो होतो. एवढ्याशा नरसीच्या रस्त्याला हा केवढा थाट, म्हणालो होतो.

मग कोमलनं तुला तो प्रश्न विचारला. समुद्राचा धडा चालला होता. लाटा, वाळू, भरती-ओहोटी असं तू रंगात येऊन सांगत होतास. ती उठली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी पाह्यला का?" तू म्हणालास, न्हाई. "मंग तुमाला कसं म्हाईत?" वर्ग हसला. दुसरा मास्तर असता तर डोळे वटारून पुढं गेला असता. तू संध्याकाळी माझ्या खोक्यावर येऊन बसलास, तोंड उतरलेलं.

"पन्नाशी उलटली, दत्ता. इतकी वर्षं मी लेकरायला न पाह्यलेलं सांगून राहिलो."

मी म्हणालो, "चंद्रावर तरी कुठं गेलास? तो शिकवतोसच की."

"चंद्र दिसतो रे गाढवा. रोज दिसतो."

मी म्हणालो, मग एस्टीनं जा आणि बघून ये. तिथून आपलं भांडण लागलं. एस्टीत झोप लागते, असं तुझं म्हणणं. "झोपेतून उठून पाह्यला तर लेकरायला काय सांगू? डोळे उघडले अन् समुद्र होता? जायचं तर आपल्या पायानं जायचं." मी म्हणालो, नकाशा बघ, हिंगोलीहून कोकण म्हणजे अर्धा महाराष्ट्र होतो, तुझी हाडं सोलापुरातच राहतील. दोन महिने आपण भांडलो. शेवटी काशिनाथनं तोड काढली. त्याच्या ढाब्यावर जेवणारा एक ट्रकवाला सरकीची ढेप घेऊन कोकणात जायचा. घाटमाथ्यापर्यंत ट्रकनं जायचं आणि तिथून पुढं रात्रभर सायकलनं. ऑगस्टात लागून तीन सुट्ट्या आल्या होत्या. पावसाचं काय, असं मी विचारलं तर तू म्हणालास, "पावसाला पाऊस म्हणायचं अन् निघायचं."

जिथं गेलो त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुझी पोरं नकाशा काढून बसतील.

घाटमाथ्यावर संध्याकाळी ट्रकवाल्यानं आम्हाला उतरवलं तेव्हा समोरचा हात दिसत नव्हता, असा पाऊस. ट्रकवाला म्हणाला, "रात्री जपून जा. मोठा पूल आला की समुद्र आलाच समजा. उद्या दहाला मी पुलापाशी थांबतो." आलाच समजा, असं तो सहज बोलून गेला. आपण माळावरची माणसं. आपण ते शब्दशः घेतलं.

त्या रात्रीइतका पाऊस मी अंगावर कधी घेतला नाही. आपल्याकडं पाऊस येतो आणि जातो, हा मुक्कामाला आल्यासारखा. घाट उतरताना ब्रेकचे रबर साबणासारखे विरघळत चालले होते, आणि मी दर वळणावर थांबून चौघांचे ब्रेक आवळत होतो. तुझं चाललं होतं पाढे म्हणणं. कुणाला झोप लागू नये म्हणून सतराचा पाढा. सतरा सातीला काशिनाथ अडकायचा आणि तू मागून ओरडायचास, "उभा राहा बाकावर!" तो सायकलवर उभा राहून पायडल मारायचा. हसून हसून माझा तोल जायचा. अधूनमधून मी ओरडायचो, खड्डा. काशिनाथ, खड्डा. रामदास, खड्डा. आणि पावसाच्या पडद्यामागून कुठूनतरी तुझं, "ऐकलं!" कधी ते यायला उशीर लागला की मी पाय टेकून थांबायचो. मी पुन्हा ओरडायचो. मग यायचं.

एका एस्टीच्या शेडमध्ये आपण काशिनाथच्या बायकोनं दिलेले धपाटे खाल्ले. निम्मे भिजलेले होते. तुझे गुडघे सुजले होते आणि तू ते पँटखाली लपवत होतास. मी विचारलं, किती दुखतं? तू म्हणालास, "दुखून राह्यले, पण चालून बी राह्यले. दोन्ही कामं बराबर चालू हायेत." मास्तर, त्या शेडमध्ये आपण सुखी होतो. तेव्हा कळलं नाही. भिजलेला धपाटा हातात, पायाखाली पाणी, आणि तुझं ते बोलणं. एवढंच होतं आणि ते पुष्कळ होतं.

फटफटायला लागलं तेव्हा पूल दिसला, आणि पुलाच्या अलीकडं पाणी. पांढरं पाणी, पांढरं आभाळ, मधली रेघ पावसानं पुसून टाकलेली. पुढं मी होतो. मीच ओरडलो, "समुद्र!" काशिनाथ ओरडला. रामदाससुद्धा ओरडला, रात्रभरात पहिल्यांदा खड्डा सोडून दुसरं काही. मागून तुझं "ऐकलं!" आलं. आवाज फाटला होता.

तू सायकल टाकली नाहीस, सायकलीसकट पाण्यात शिरलास. ओंजळ भरून तोंडात घेतलीस आणि थुंकलीस. "अरे, ये तो खारा है! दत्त्या, खारा है!" पुस्तकात लिहिलेलं खरं निघालं म्हणून कुणी इतकं हरखलेलं मी पाहिलेलं नाही. मग तुला शंका आली, लाटा काहून नाहीत. काशिनाथ ढाब्यावर गिऱ्हाइकाला सांगतो तसं ठासून म्हणाला, "पावसानं धूळ बसती ना मास्तर, तशाच लाटा बसल्या असतील." पलीकडं धुक्यात एक दिवा दिसत होता. तू म्हणालास, जहाज असेल. काशिनाथनं प्लास्टिकमधून मोबाईल काढून तो फोटो घेतला, आणि पाणी शिरून मोबाईल तिथंच बंद पडला; फोटो पुढं हिंगोलीत त्याच्या कार्डातून निघाला. बाकीच्यांचे रात्रीच गेले होते.

मी चहा बघायला पुलाकडं गेलो. टपरीवर एक बाई स्टोव्ह पेटवत होती. मी म्हणालो, मावशी, तुमच्या समुद्राला लाटा नाहीत होय. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. "समुद्र कुठला हो, ही खाडी. समुद्र पुढं. पूल ओलांडा नि सरळ जा, नऊ किलोमीटर." तुझं जहाज म्हणजे पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी पडवीतला बल्ब होता, तेही तिनंच सांगितलं.

मी चार चहा घेऊन परत आलो. तू दगडावर बसला होतास, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि रडत होतास. लपवत नव्हतास. म्हणालास, "आता कोमलला सांगतो, व्हय, पाह्यला."

मी चहा तुझ्या हातात दिला आणि गप बसलो.

तेव्हा सहा वाजले होते. ट्रक दहाला यायचा होता. चार तास होते, मास्तर. तुझी दया आली म्हणून बोललो नाही, असं मी तीन वर्षं स्वतःला समजावत आलो. तुझे गुडघे, तुझे डोळे, तुझा आनंद. ते सगळं होतंच. पण माझ्या मांड्या संपल्या होत्या, हेही होतं. मला आणखी नऊ किलोमीटर पायडल मारायचं नव्हतं. मला तिथं बसून चहा प्यायचा होता. तुला कळलं असतं तर त्या सुजलेल्या गुडघ्यांनी तू उठला असतास, आणि मग मलाही उठावं लागलं असतं. एवढंच आहे. याच्याहून मोठं कारण मला शोधूनही सापडत नाही.

ट्रकवाल्यानं विचारलं, "पाह्यला का समुद्र?" तू म्हणालास, "पाह्यला!" तो घाईत होता. पुढं काही बोलला नाही.

तुझ्या वर्गात मग नवा समुद्र सुरू झाला. तू पेपर तपासायला दुकानात आणायचास, मी वाचायचो. पावसाळ्यात समुद्राला लाटा नसतात. बरोबर. समुद्र शांत असतो, त्याचा आवाज येत नाही. बरोबर. सकाळी जहाजावर दिवा लावतात. बरोबर. तुझ्या लाल पेनाच्या त्या खुणा बघून मी पंक्चर काढायला उठायचो. खोटं शिकवायला नको म्हणून जो माणूस रात्रभर पावसात सायकल मारत गेला, त्याच्याकडून मी तीन वर्षं खोटं शिकवून घेतलं.

आणि हेही एक वेळ चाललं असतं. पण तू म्हणालास, परत जाऊ. एकदा नाही, तीनदा म्हणालास. "आता तुझ्या भाभीला अन् आपल्या पोरीला, रुखसारला, घेऊन जाऊ. एस्टीनं. त्याच जाग्यावर उभं करतो त्यायला." तुझ्या घरच्या माणसांसमोर ती चहावाली बाई हसली असती, आणि तू माझ्याकडं बघितलं असतंस. म्हणून मी काहीबाही सांगत गेलो. दुकान सोडवत नाही. पावसाळा सरू दे. पुढच्या साली बघू. तू बिचारा मानत गेलास. माझ्याशिवाय जायचं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. आधी मी तुला खाडीला समुद्र म्हणून दाखवलं, आणि मग खरा समुद्र बघू दिला नाही. पहिली चूक होती. दुसरी चूक नव्हती.

नांदेडच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, दुपारी मी तुझ्यापाशी बसलो होतो. रुखसारनं तुला मोबाईलवर कुठलातरी समुद्र दाखवला होता. मोठमोठ्या लाटा, खडकावर आपटणारं पाणी. ती औषधं आणायला खाली गेली तेव्हा तू माझा हात धरलास.

"दत्ता, आपल्या समुद्राला आवाज काहून नव्हता रे?"

मी म्हणालो, "पाऊस होता ना. पावसात दबला."

तू खूप वेळ माझ्याकडं बघत राहिलास. मग म्हणालास, "व्हय. पाऊस लई होता." आणि डोळे मिटलेस. तुला पटलं की तू मला सोडून दिलंस, हे मला कधीच कळणार नाही. रोज रात्री मी तुझा तो चेहरा आठवतो आणि दोन्हीपैकी एक ठरवायला बघतो. ठरत नाही. ठरलं तरी काय, आता तुला कुठं न्यायचंय?

तुला वाटेल दत्त्यानं तरी नंतर जाऊन पाहिला असेल. नाही. तुला सोडून बघायची लाज वाटली. आपण दोघंही न बघताच राहिलो.

काल रुखसार तुझी सायकल घेऊन दुकानात आली. तिला कॉलेजला लागेल म्हणाली. तुला आठवतं, तिकडून आल्यावर मी म्हणालो होतो की खारं पाणी लागलंय, साध्या पाण्यानं धुऊन तेल देतो, नाही तर सगळी चाकं खाऊन टाकील. तू हात लावू दिला नाहीस. "समुद्राचा गंज हाय तो. राहू दे." रिम, तारा, सगळ्यांवर तो तांबडा गंज चढत गेला आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिलास. धंद्यात मला गंजाचा राग येतो. तुझ्या सायकलीकडं मी बघत नसे.

रुखसार म्हणाली, "चाचा, ब्रेक अन् चेन तेवढी करून द्या. गंज काढू नका. अब्बांचा समुद्र हाय तो."

मी म्हणालो, "व्हय बेटा." तिसऱ्यांदा तेच खोटं. दवाखान्यात तुला, शाळेत कोमलला आणि आता तुझ्या पोरीला. ती गेल्यावर मी चाक फिरवून बघितलं. तीन तारा हात लावताच तुटल्या. नव्या टाकल्या तर त्या चकचकीत दिसतील आणि ती विचारील. तशाच ठेवल्या तर एक दिवस चाक बसेल आणि पोरगी रस्त्यात पडेल. सायकल अजून तशीच उलटी उभी आहे. तुझ्या खोक्यावर मी तेलाचे डबे ठेवलेत, कुणी बसू नये म्हणून.

आज पहाटे तू गेल्यानंतर पहिल्यांदा आम्ही नरसीला निघालो. मी पुढं, मग काशिनाथ, मग रामदास. गावाबाहेर पहिला खड्डा आला आणि मी ओरडलो. काशिनाथनं मागं सांगितलं, रामदासनं मागं सांगितलं. त्याच्यामागं कुणी नाही, हे त्याच्या लक्षात नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं.

नऊ किलोमीटर म्हणजे किती, हे मी आज मुद्दाम मोजलं. नरसी यायच्या कितीतरी आधी ते संपले. इतकं तर तू गप्पा मारता मारता यायचास. सुजलेल्या गुडघ्यांनीही आला असतास.

तिथं मी ओरडलो. तीन वर्षांपूर्वी चहाचे ग्लास घेऊन येताना जे ओरडायचं होतं ते. "पुढं समुद्र हाय! नऊ किलोमीटर!" काशिनाथनं काही न समजता सवयीनं मागं सांगितलं, "समुद्र हाय! नऊ किलोमीटर!" रामदासनंही सांगितलं. मग त्याच्यामागं नुसता रस्ता. आम्ही तिघंही पाय टेकून थांबलो.

मागून काही आलं नाही. मी पुन्हा ओरडलो.